नारू कधी निघाला?

सगळं गाव ऊसतोडीला गेलेलं असताना मी आरोग्य खात्याच्या कामावर शिरूर कासारकडच्या एका वस्तीत नारूचे रोगी शोधायला गेलो होतो, त्याला बरीच वर्षं झाली. आज नळाला बांधलेल्या ओल्या फडक्याचा वास आला आणि ते आठवलं; तेव्हा आम्ही असंच फडक्यानं पाणी गाळायला सांगायचो. नारू म्हणजे बारवेच्या पाण्यातून पोटात जाऊन पायातून निघणारा तो धाग्यासारखा किडा. आता आपल्याकडं कुठंच नाही.

कुलपांच्या रांगेत एकच दार उघडं, उंबऱ्यावर म्हातारी.

“आजी, नारू आहे का?”

“न्हाई बाबा, निघाला की.”

मी हरखलो. “कधी?”

“दिवाळी झाल्यावर. माजलगावकडं, तोडीला.” ती लगबगीनं उठली. “माज्या नारायणाचा सांगावा आणलास व्हय?”

मुलं लांब गेल्यापासून हल्ली दाराची बेल वाजली की मीही तसाच उठतो.

मी किड्याचं चित्र पुढं केलं. ती पुन्हा खाली बसली.

“आख्खं गाव गेलं, अन् तू किडं हुडकत हिंडतूस? येडाच हाईस.”