हौसाबाईची लग्नसराई

लग्नपत्रिका आली की लोक आधी नवरानवरीची नावं बघतात. माझी बायको हौसाबाई म्हणायची, "कारभारी, खालून वाचा. आमदार येनार हाय का तेवढं सांगा." तिला अक्षरओळख नव्हती, माझी चौथीपर्यंतची. आमदाराचं नाव निघालं की ती पत्रिका देवळीत जपून ठेवायची. नसलं की म्हणायची, "पोरं सुखात राहू द्या. आपलं काय काम न्हाई तिथं."

याला कारण तिची धाकटी बहीण तारा. आम्ही पाथर्डीकडची, दरसाल ऊसतोडीला जाणारी माणसं. एका साली परजिल्ह्यात ताराला ताप भरला. दवाखान्यात फुकट उपचाराला रेशनकार्ड मागितलं. कार्ड घरी, पत्र्याच्या पेटीत. दुसऱ्या दवाखान्यात पोचेस्तोवर तारा गेली. हौसा लई रडली. मग तोंड धुऊन म्हणाली, "ताप कार्ड बघून येत न्हाई. मग दवाखाना का बघतो?"

तालुक्याच्या एका बैठकीत तिला कळलं की असा कायदा होऊ शकतो: कुठलाही माणूस, कुठलाही दवाखाना, कागद न मागता फुकट उपचार. पण त्यासाठी आमदारांनी विधानसभेत उठून तो मागायला हवा. झालं, बाई पेटली. मागणीचा कागद लिहून घेतला, त्याच्यावर पहिला अंगठा आपला उठवला आणि गावोगाव फिरून बायांचे अंगठे गोळा केले. खाली आमदाराच्या सहीला जागा सोडली.

पण आमदार सापडेना. कचेरीत गेलो तर साहेब मुंबईला. मुंबईला फोन लावला तर साहेब दौऱ्यावर. हौसा म्हणाली, "ह्यो बाबा मांडवातच सापडतो." खरंच होतं. तोडीची माणसं गावी परतली की लग्नसराई, आणि हा एका दिवसात आठ मांडव फिरून आशीर्वाद देणार. त्याच्यासाठी मुहूर्त टळायचा, वऱ्हाड उन्हात तळायचं. हौसानं वरमायांना आधीच फितवून ठेवलं.

पहिल्याच मांडवात माती खाल्ली, ती मी. आमदार ओळखायचं काम माझ्याकडे. पांढरी गाडी, कडक इस्त्री, मागं चारदोन पोरं. मी म्हणालो, "ह्योच." बायांनी त्याला घेरलं. गड्यानं कागद न वाचता झोकात सही ठोकली आणि माईकवरून भाषणही दिलं. नंतर कळलं, हा मागच्या निवडणुकीत पडलेला. हौसा कपाळाला हात लावून म्हणाली, "कारभारी, आजवर मत कुनाला देत व्हता मग?" सगळा मांडव हसला. नवरीसुद्धा.

मी खजील झालो, पण हौसानं त्या सहीचं सोनं केलं. पुढच्या आठवड्यात खरा आमदार आला. शाल-नारळ झालं, त्यानं माईक हातात घेतला आणि हौसा पुढं झाली.

"साहेब, तुमच्यासाठी आमी दोन तास थांबलो. आता तुमी दोन मिनिटं थांबा."

"मावशी, लग्नात राजकारण नको."

"मग तुमी लग्नात कशाला आला?"

मागून कुणीतरी शिट्टी मारली. आमदार हसला, म्हणाला, "कागद ठेवा, बघतो."

"बघायचं काय? पडलेल्यानं सही केली. निवडून आलेल्याचा हात दुखतो का?"

त्यानं आधीची सही बघितली अन् पेन मागितला.

नुसती सही करून थांबला नाही, अधिवेशनात बोललासुद्धा. शेजारच्या पोरीनं मोबाईलवर दाखवलं. हौसा त्या मोबाईललाच दटावत होती, "जरा मोठ्यानं बोला की! मांडवात तर माईक सोडत न्हाई." त्या दिवशी तिनं गल्लीभर शेंगदाण्याचे लाडू वाटले. कायदा अजून झाला नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणायची, "एक आमदार म्हंजी एक वीट. भिताड बाकी हाय."

दिवाळीनंतर एका सकाळी भाकरी थापता थापता हौसा भिंतीला टेकली, ती उठली नाही. मला भाकरी येत नाही. जमेल ते खातो.

चैत्रात बाया घरी आल्या. मला वाटलं, रडायला आल्या. तर हातात नेवाशाकडची पत्रिका, तिथला आमदार येणार होता. "बाबा, कागद घेऊन तुमीच चला." भावकी म्हणाली, "वरीस सरलं न्हाई, मांडवात कसा जातो?" मी म्हणालो, "दुखनी थांबत्यात का वरीसभर?" आणि गेलो.

आमदारापुढं जाऊन उभा राहिलो. मी नुसता कागद धरला. त्यानं सगळा वाचला, मग विचारलं, "ह्या पहिल्या हौसाबाई कोण? आल्यात का?"

"माझी बायको. ती न्हाई आता. तिचा अंगठा आलाय. त्याच्याखाली करा."

त्यानं सही केली. बायांनी असा गिल्ला केला की बॅंडवाले वाजवायचे थांबले. दुखवट्यात गोड खाऊ नये म्हणतात. मी पंगतीला बसलो आणि बुंदी दोनदा मागून घेतली.