मावशींचा कप

कामाला येणाऱ्या मावशींशी 'अहो' म्हणून गोड बोलायचं, हे चार वर्षांच्या नातीला मीच शिकवलं. काल ती भातुकली मांडून बसली होती. पाटावरच्या बाहुल्यांना विचारत होती, "अजून देऊ का चहा तुम्हाला?" किती अदबीनं! मी कौतुकानं ऐकत राहिले. मग एका बाहुलीला तिनं दाराशी, जमिनीवर बसवलं आणि तिच्यापुढे कान तुटलेला कप ठेवला.

"मावशी, घ्या ना थोडा!" आवाज तितकाच गोड.

"हिला हा कप का गं?"

"आजी, मावशींचा वेगळाच असतो ना!"

हे तर तिला कुणीच शिकवलं नव्हतं. मुलं कानांपेक्षा डोळ्यांनीच जास्त शिकतात की काय?

मी स्वयंपाकघरात पाहिलं. आमचे सगळे कप घासून मावशींनी फडताळात लावले होते आणि आपला तेवढा खिडकीत उपडा घातला होता.