नीला पळते, धाप आम्हाला लागते

टोरोंटोजवळच्या एटोबिकोत आमची तीन मराठी घरं: आमचं, डॉक्टर जोगळेकरांचं आणि सॅमसनभाऊ पेणकरांचं. कोणाच्याही बेसमेंटमध्ये जेवायला जमलो की माझ्या मुलीच्या, नीलाच्या, पळण्याचा विषय निघतोच. हे किस्से कोणी मुद्दाम जमवले नाहीत. फावड्याने उपसून ड्राइव्हवेच्या कडेला टाकलेल्या बर्फासारखे ते आपोआप साठत गेले.

सुरुवात शाळेच्या कोचने केली. नीला तेव्हा शेवटच्या वर्षाला. तिच्या आठशे मीटरच्या जोरावर अमेरिकेतली एखादी युनिव्हर्सिटी तिला फी माफ करून घेईल, असं त्याने घरी येऊन सांगितलं. आमच्या ह्यांनी आपल्या थर्मासमधला चहा त्याच्या कपात ओतला. डॉक्टर जोगळेकर तर ऐकून सोफ्यावरून उठले.

"पायांवर ॲडमिशन? मग आम्ही केमिस्ट्री कशाला घोकली?"

*

मग अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीच्या कोचचा फोन. उंची किती, वजन किती, आईवडिलांची उंची किती, घोटा कधी मुरगळला होता का.

जोगळेकर वहिनी गार पडल्या. "अगं, स्थळंसुद्धा इतकं विचारत नाहीत."

"पत्रिका तेवढी राहिली," हे म्हणाले.

*

त्या कोचला नीला पळतानाची फिल्म हवी होती. त्यावरच तो ठरवणार होता. सिने-कॅमेरा एकट्या सॅमसनभाऊ पेणकरांकडे. आमच्या दिवाळ्या आणि त्यांचे ज्यू सण तेच टिपायचे. बेसमेंटमध्ये पडदा लावून आम्ही फिल्म पाहिली. नीला रेषेवर उभी. लगेच नीला गळ्यात मेडल घालून उभी. मधली शर्यतच नाही.

"सॅमसनभाऊ, पळतानाचं कुठाय?"

"पोर पळतेय आणि मी एक डोळा मिटून बसू? कॅमेरा ठेवला खाली, टाळ्या वाजवल्या."

*

मे महिन्यातली शर्यत ही शेवटची संधी, आणि थंडी अजून हटली नव्हती. मी ड्युटीवर होते. हे घरी आले ते गुडघ्यापर्यंत चिखलात.

"काय झालं?"

"घसरलो," म्हणाले, आणि थर्मास धुवायला घेतला.

या खेपेला सॅमसनभाऊंनी कॅमेऱ्यावरून डोळा हलवला नव्हता. फिल्म धुऊन आली तशीच, न बघता, पाठवून दिली.

*

त्याच महिन्याच्या शेवटी हे गेले. ऑफिसात, खुर्चीतच.

दिवसकार्य व्हायचं होतं. घर माणसांनी भरलेलं, आणि नीला शूज घालून बाहेर पडली. जोगळेकर वहिनींचा हात तोंडावर गेला. "आज?"

"जाऊ द्या," सॅमसनभाऊ म्हणाले. "मी मागून गाडी नेतो."

नेली. अगदी हळू, तिच्या मागोमाग. दोन वळणांनंतर पोलिसाने त्यांना अडवलं. या मुलीच्या मागे गाडीतून का येताय?

सॅमसनभाऊंनी खरं ते सांगितलं. "कारण मला पळता येत नाही."

*

जून संपता संपता तिकडच्या कोचचा फोन आला. मी वरच्या मजल्यावर उचलला, नीलाने बेसमेंटमध्ये.

"फिल्म पाहिली," तो म्हणाला. मी कॉर्ड बोटाला गुंडाळत राहिले.

"मुलगी आम्हाला हवी आहे. ऑगस्टमध्ये पाठवा. पण एक विचारू? शेवटच्या सरळ पट्ट्यात, कुंपणापलीकडून, ओव्हरकोट आणि बर्फात घालायचे बूट घातलेला एक माणूस टोकापर्यंत तिच्या बरोबरीने पळतोय. हातात काहीतरी आहे."

"थर्मास," मी म्हटलं.

"पण तो आहे कोण?"

खालून नीलाचा आवाज आला.

"माझे बाबा. मुद्दाम हळू पळत होते."