केकवरची नवरी आणि टॉवेलाखालचं बोट

आधीच सांगून टाकतो — भूत, करणी, चकवा यातलं काहीही मी मानत नाही. या ग्रुपवर माझी बायको आहे, तिच्या मोबाइलवर मीही कधीमधी तुमचे अनुभव वाचतो. गाडी बंद पडली, पांढऱ्या साडीतली बाई दिसली, सकाळी कळलं की ती तर कधीच वारली... अरे, गाडीची सर्व्हिसिंग वेळेवर करत जा! आणि खाली सगळ्यांचं एकच, "अंगावर काटा आला". तुमच्या अंगावर काटा यायला लागतं तरी काय? असल्या लोकांपुढे मला हे लिहावं लागतंय याचाच मला राग येतो. पण दुसरीकडे सांगितलं तर धंद्यात हसं होईल.

जालन्यात माझं जुन्या सामानाचं गोडाऊन आहे. सायकलवर भंगार गोळा करण्यापासून सुरुवात केली, कुणाचा एक रुपया घेतला नाही. आलेला सगळा माल मी विकतो, एक वस्तू सोडून. केक टॉपर. ख्रिश्चन लोकांच्या लग्नात केक कापतात, त्याच्या सर्वांत वरच्या थरावर नवरा-नवरीचं छोटंसं जोडपं उभं करतात, ते. एका बंद पडलेल्या बंगल्याचं सामान उचललं, त्यात बिस्किटाच्या डब्यात कापसात गुंडाळलेलं पहिलं जोडपं मिळालं. वीतभर उंचीचं, चिनी मातीचं. का कुणास ठाऊक, ते विकवलं नाही. आज काचेच्या कपाटात एक्केचाळीस जोडपी आहेत. पुण्या-मुंबईचे संग्राहक फोन करतात, एका वाक्यात तीनदा 'विंटेज' म्हणतात आणि मग कोथिंबिरीसारखा भाव पाडून मागतात. मी फोन ठेवून देतो.

बायको मात्र एकदा पाहुण्यांसमोर म्हणाली होती, "सख्ख्या भावाचं तोंड पाहिलं न्हाई यांनी, आन् दुसऱ्यांची लग्नं कपाटात मांडून बसलेत."

आता भावाचं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचं गाव भोकरदन तालुक्यात. वडील बैलबाजारात दलाली करायचे, त्यांच्यानंतर दादा. तो माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. बैलांचा भाव तिथे तोंडाने बोलत नाहीत. दलाल हातावर टॉवेल टाकतो, आधी विकणाऱ्याचा हात धरतो, मग घेणाऱ्याचा. आत बोटं दाबून आकडा सांगायचा, बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. दादाच्या उजव्या हाताची तर्जनी कडबा कुट्टीच्या यंत्रात अर्धी गेली होती. टोकाला गाठीसारखं टणक कातडं. बाजारातले लोक चेष्टा करायचे, "याचं बोट अर्धं, पर भाव पुरा." तो हसायचा.

आमच्या दोघांत एक खूण होती. मी घेणारा असलो आणि जनावरात खोड असली, तर टॉवेलाखाली दादा अंगठ्याच्या नखाने माझ्या तळव्यावर सावकाश दोन रेघा ओढायचा. म्हणजे — सोड.

मी चोवीस वर्षांचा असताना स्वतःच्या कमाईने पहिली जोडी घ्यायला निघालो. पांढरीशुभ्र, शिंगं एकसारखी, चालायला लागली की बघत राहावं. दादाने दोन रेघा ओढल्या. मी सोडली. आणि आठ दिवसांनी तीच जोडी दादाच्या दावणीला!

मी एवढंच म्हणालो, "मला खोड सांगितली आणि स्वतः बांधली?" त्याने तोंड उघडलं होतं. मी ऐकायला थांबलो नाही. पिशवीत दोन कपडे घातले आणि जालन्याला आलो. त्यानंतर त्याच्याशी कधीच बोललो नाही. मधे तो दोनदा गोडाऊनवर आला. दोन्ही वेळा मी वॉचमनला 'नाहीत' म्हणून सांगायला लावलं. माझी मोटारसायकल दारातच उभी होती, ती त्याला दिसलीच असणार. दुसऱ्या वेळी तो भुईमुगाच्या शेंगांची पिशवी ठेवून गेला. ती मी वॉचमनला देऊन टाकली. तीन वर्षांपूर्वी दादा हार्ट अटॅकने गेला. मी गेलो नाही, दहाव्यालाही नाही. लपवत नाही. फसवणाऱ्याला कशाला हात जोडायचे, असं माझं म्हणणं होतं.

आता मूळ गोष्ट. मागचा एप्रिल, दुपारचे दोन. हायवेवरच्या एका ओळखीच्या चहावाल्याने फोन केला की शहागडला एका म्हाताऱ्याकडे 'तुमच्या त्या बाहुल्या' आहेत. गेलो. दुकानांच्या मागे पत्र्याचं घर, समोर लिंबाचं झाड, खाली बाज. बाजेवर रंगनाथ आप्पा. त्यांचे आजोबा जालन्यात कुठल्याशा पाद्रीसाहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होते, त्यांच्या पेटीतली ही वस्तू. ओट्यावर आप्पांचे दोन मुलगे बसलेले. दोघंही चाळिशीचे, एकमेकांकडे पाठ केलेली, पण चारही कान आमच्याकडे.

वस्तू हातात घेतली. लाकडी चकतीवर तारेची कमान, कमानीला कापडी फुलं, खाली काळ्या कोटातला नवरा आणि घेरदार पांढऱ्या झग्यातली नवरी. नवऱ्याने हात पुढे केलेला, नवरीने त्यावर हात ठेवलेला. माझ्या एक्केचाळिसांत असं एकही नाही.

चिनी माती ओळखायची माझी पद्धत सोपी आहे. ओठाला लावायची. एप्रिलच्या उन्हातही ती गार लागते. नवऱ्याचं डोकं ओठाला लावलं — गार. नख मारलं — ओरखडा नाही. पास. चेहरा मात्र कडू करून ठेवला.

"आप्पा, हे तर जत्रेतलं खेळणं आहे."

"जत्रेतलं असतं तर तुमी जालन्याहून उन्हाचं आल्ते का?" म्हातारा शांतपणे म्हणाला.

"कमान गंजलीय. फुलं किडलीत. नवरीचं नाक बघा, रंग उडालाय."

"मंग ठिवा खाली. चहा घ्या अन् जा."

हा माणूस कच्चा नव्हता. मला बरं वाटलं, कच्च्या माणसाशी सौदा करण्यात मजा नसते. मी भाव विचारला, तर त्याने डोळ्याने ओट्याकडे खूण केली आणि आवाज खाली आणला. "दोन्ही पोरं कान टवकारून बसलेत. आकडा फुटला की हिस्सा मागतेत. तोंडानं न्हाई बोलायचं. टॉवेल टाका."

बावीस वर्षांनी मी कुणाबरोबर टॉवेलाखाली हात घातला. आप्पांच्या खांद्यावरचा टॉवेल आमच्या हातांवर पडला. म्हाताऱ्याची बोटं जाड, कोरडी, पाचही शाबूत. त्यांनी चार बोटं दाबली. मी दोन. त्यांनी माझी बोटं झटकली आणि पुन्हा चार. मी जरा हात मागे घेतला, मग परत पुढे केला — आणि हातात हात आला.

त्या हाताची तर्जनी मधेच संपत होती.

मी परत चाचपली. टोकाला ती गाठ. टणक, जरा डावीकडे कललेली. ती गाठ मी लहानपणी बाजारात गर्दीत धरून चालायचो, तिला ओळखायला मला डोळे लागत नाहीत. हाताने भाव दाबला नाही. नुसता धरला. मग अंगठ्याचं नख माझ्या तळव्यावरून सावकाश गेलं. एकदा. आणि दुसऱ्यांदा.

मी वर बघितलं. आप्पा माझ्याकडेच बघत होते, वैतागून.

"शेठ, हात कुठं हाय तुमचा? मी कवाचा आत चाचपून राह्यलो."

मी हिसका देऊन हात ओढला, त्याबरोबर टॉवेल खाली पडला. आप्पांचा उजवा हात तिथे होता, माझ्यापासून वीतभर लांब, पाच बोटं, पाचही पूर्ण. डावा त्यांच्या मांडीवर. मुलगे ओट्यावरच. बस. तिथे पाचवा माणूस नव्हता.

तुमच्यातला कुणी असता तर चप्पल टाकून पळाला असता. मला भीती वाटली नाही. मला संताप आला. डोक्यात एकच — मेल्यावरसुद्धा मला शहाणपण शिकवायला आला! तेव्हा माझ्या तोंडचा घास काढून घेतला, आता इथेही? रागाच्या भरात मी ओरडून आप्पांचा पूर्ण आकडा बोललो आणि म्हणालो, "दिले! एक रुपया कमी नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी भाव न पाडता माल घेतला.

आप्पांनी कपाळावर हात मारला. "आरं देवा... तोंडानं कशाला बोल्लात!"

थोरला ओट्यावरून उठला. "आप्पा, एवढे? आन् आमाला म्हणले फुकटात देऊन राह्यलो!" धाकटा त्याच्याही पुढे आला. त्यांचं भांडण मागे टाकून मी वस्तू उचलली आणि निघालो.

बाराव्या दिवशी कपाटाच्या काचेवर मुंग्यांची रांग दिसली. आत-बाहेर, आत-बाहेर, सगळ्या त्या एकाच जोडप्याकडे. मी नवरीला बोट लावलं आणि झगा खचला. आत काही नव्हतं. साखरेची होती ती! वरून पांढरा रंग आणि चकाकी, आतून मुंग्यांनी पार पोखरलेली. नवरा खणखणीत चिनी मातीचा, हात पुढे करून उभा, आणि त्याच्या हातावर पांढरी भुकटी. मी नवऱ्याला ओठ लावून बघितला होता, नवरीला लावला नव्हता. इतक्या वर्षांच्या धंद्यानंतर माझी ही चूक! अशी चूक पोरसवदा भंगारवालाही करत नाही.

बायको मागून बघत होती. "मुंग्यांना कळलं, तुमाला न्हाई कळलं."

आप्पांना फोन करून हवे तेवढे शब्द ऐकवले. म्हातारा ढिम्म. "खरी नवरी फुटल्ती. मंग आमच्या आज्यानं साखरेची केली, बंगल्यातली बाई रडून राह्यली होती म्हणून. मी काय चोरून ठिवलं का? तुमी इचारलं कुठं? तुमी तर ओरडून पैसे दिले."

पैसे गेले, त्याचं मी काय ते बघून घेईन. मला दुसरीच गोष्ट खुपायला लागली. खूण खरी होती. मालात खोड होती आणि मला 'सोड' म्हणून सांगितलं होतं. मग बैलांच्या वेळी...? आठ दिवस मी तो विचार हाकलत होतो. नवव्या दिवशी मोटारसायकल काढली आणि गावाला गेलो.

वहिनी दारात लसूण सोलत बसली होती. मला बघून उठली नाही.

"आलात? दहाव्याला वाट पाह्यली तुमची. आता काय, घरातलं भंगार न्यायला आलात?"

मी उभ्या उभ्याच विचारलं, "वहिनी, ती पांढरी जोडी. तिचं पुढे काय झालं?"

तिचे हात थांबले नाहीत. "डावा बैल औत ओढता ओढता मधीच बसायचा. मारून मारून उठंना. तीन महिन्यात कळलं."

"मग विकला कुणाला?"

"कुणाला न्हाई. लोकं मागत होते, पर म्हणले, जाणूनबुजून दुसऱ्याच्या गळ्यात कसा मारायचा. खाऊ घालून घालून दावणीलाच म्हातारा झाला."

"मग घेतली कशाला? मला तर सोड म्हणाला!"

आता तिने वर बघितलं. "तुमच्यासाठी. जोडी सोडली म्हणून आठ दिवस जेवला न्हवता तुमी, आठवतं का? त्यांना खोडीचा संशय होता, खात्री न्हवती. म्हणले, मी बांधून पाहतो. बराबर निघाली तर त्याच्या दावणीला नेऊन बांधतो, न्हाई निघाली तर नुकसान माझं." पाकळ्या सुपात टाकून ती म्हणाली, "दोनदा आल्ते ना जालन्याला. हेच सांगायला आल्ते."

माझा जन्म विकणाऱ्यांची तोंडं वाचण्यात गेला. विकणारा बोलून झालं की समोरच्याकडे बघतो — पटलं का, हे तपासायला. वहिनीने माझ्याकडे बघितलं नाही. ती लसूण सोलायला लागली होती. तिला मला काही विकायचं नव्हतं.

आता तुम्ही शहाणे लोक सांगाल की ऊन लागलं होतं, उपाशी होतो, बावीस वर्षांनी टॉवेल हातावर आला म्हणून मन जुन्या जागी गेलं. हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलंय, तुमच्यापेक्षा चांगल्या शब्दांत. पण नवरी साखरेची आहे हे मला माहीत नव्हतं. जे मला माहीत नव्हतं, ते माझ्या मनाने मला कसं सांगितलं? उत्तर असेल तर लिहा. 'काटा आला' लिहिणाऱ्यांनी कृपा करून लांब राहावं.

नवरा अजून कपाटात आहे, हात पुढे करून. बायको म्हणते काढून टाका, मी काढत नाही. आणि एक हिशोब काही केल्या सुटत नाही. दादा दोनदा गोडाऊनवर आला, तेव्हा मी वॉचमनकरवी 'नाहीत' म्हणून कळवलं. तिसऱ्यांदा आला तो टॉवेलाखाली. मधे वॉचमन नव्हता. हात मीच ओढून घेतला.