पांढऱ्या स्वयंपाकघराची राखण

घरात जळमटं साचतात तसेच किस्सेही साचतात. आज कोपरा झाडावा, तर उद्या तिथे नवं जाळं! नगरचं घर विकायला काढलं त्या आठ महिन्यांत मी एवढं झाडलं की अजून खांदा दुखतो. जळमटं केरात गेली. किस्से वहीत राहिले, कारण रोज दुपारी चार ओळी लिहायची मला जुनी सवय आहे.

झालं असं, की आमच्या मास्तरांना, म्हणजे माझ्या यजमानांना, हेडमास्तर म्हणून राहुरीची ऑर्डर आली. घर विकलं जाईपर्यंत मला हलता येईना. त्यांचं पोट पहिल्यापासून नाजूक. तिथे ते खानावळीचं तिखट जेवत होते आणि मी इथे स्वयंपाकघर पुसत होते.

* * *

स्वयंपाकघर पुसायचं खूळ बापूराव दलालांचं. ते म्हणाले, "बाई, पुरुषमाणूस दार बघतो नि मान डोलावतो. मग बाईमाणूस चुलीमागची भिंत बघते, नि त्याची मान जागच्या जागी थांबते! पहिलं ते काळं घालवा."

चुन्याचे तीन हात द्यायचं ठरलं. मी विचारलं, "आणि चूल?"

"चूल असू द्या. पेटवू नका."

"किती दिवस?"

"गिऱ्हाईक येऊन जाईपर्यंत."

"ते कधी येईल?"

"ते काय सांगता येतंय? कधीही येईल!"

त्या दिवशी मी परसात कडुलिंबाखाली तीन दगड मांडले. स्वयंपाक तिथे सुरू झाला.

* * *

चुना द्यायला भिंगारचा किसन आला. चुना उजळ दिसावा म्हणून त्यात चिमूटभर नीळ घालतात. किसनचा हात मोकळा. संध्याकाळी पाहते तो चारही भिंती निळ्याशार!

"किसन, हे काय रे?"

"वाळलं की पांढरं हुतंय, मास्तरीनबाई."

दोन दिवसांनी वाळलं. निळंच राहिलं. किसनला बोलावून आणलं. तो भिंतीकडे बघून म्हणाला, "आभाळ बी निळंच हाय की. त्याला कुनी नावं ठेवतंय का?"

आणखी दोन हात द्यावे लागले.

* * *

दुसरी मोठी लढाई संपली होती, तरी काड्यापेटी सहज मिळत नव्हती. शेजारच्या राहेलबाई रोज सकाळी खापरीत विस्तव न्यायला येत. मी परसात असे. त्या पुढच्या दाराने आत डोकावत, गार चूल बघत आणि मुकाट्याने परत जात. हे मला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले. बसले, घसा खाकरला, आणि हळूच म्हणाले, "मास्तरांचं काही पत्र येतं का?"

"येतं की."

"रागात लिहितात?"

मला काही कळेना. शेवटी उलगडा झाला. मास्तर राहुरीला, इथे चूल गार, म्हणजे मास्तरांनी मला टाकलं, असा राहेलबाईंनी हिशेब केला होता! रविवारी मंडळीत आमच्यासाठी प्रार्थनाही झाली होती.

मी पाळकसाहेबांना हाताला धरून परसात नेलं आणि तीन दगड दाखवले. ते म्हणाले, "बाई, हे आधी सांगायचं. चौघीजणींनी तुमच्यासाठी उपास धरलाय!"

* * *

काष्टीचे एक बागाईतदार बायकोला घेऊन आले. नगरात मुलांच्या शिक्षणासाठी घर हवं होतं. बाईंनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर वहाणा काढल्या. मग मागे जाऊन पाय धुऊन आल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला, आत आल्या आणि चारी भिंतींकडे बघून मला विचारलं, "देव कुठं हाईत?"

"देव नाहीत हो. हे स्वयंपाकघर आहे."

त्या नवऱ्याकडे वळल्या. "चला बाई. हितं भाकरी थापायला माझा हात न्हाई उठायचा."

बापूराव तोंडातलं पान चावायचं विसरले.

* * *

मास्तर महिन्यातून एखाद्या शनिवारी येत. दर खेपेला कोट जरा जास्तच सैल दिसे. मी बटण आत घेई.

चैत्रातल्या एका शनिवारी ते म्हणाले, "आज आत बसून जेवू. बाहेर पिठल्यात धूळ येते." मी भाकरी बाहेर भाजून ताट आत नेलं. ते अंगातल्या कोटासकट भिंतीला टेकून निवांत जेवले. घास घशाखाली उतरताना दिसत होता.

सोमवारी ते तोच काळा कोट घालून शाळेत गेले. एका शिक्षकाने विचारलं, "सर, तुम्ही फळ्याला टेकला होतात, की फळा तुम्हाला?"

मला कार्ड आलं. तीनच ओळी होत्या. 'पाठीचा चुना झटकला. पोट ठीक नाही. गिऱ्हाईकाचं काय?'

त्या दिवशीच्या वहीत माझी एकच ओळ आहे: 'भिंती पुसल्या.'

* * *

आठव्या महिन्यात दवाखान्यातले एक कंपाउंडर आले. बायको सुमन, नुकतीच संसाराला लागलेली. तिने चुलीमागच्या भिंतीवर बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. तिने ते नवऱ्याला दाखवलं आणि म्हणाली, "हेच घ्यायचं!"

आठवड्यात मी राहुरीला पोचले. पहिल्याच दिवशी घरात चूल पेटवली. महिन्याभरात भिंत काळी झाली आणि मास्तरांच्या कोटाचं बटण मी पुन्हा बाहेर घेतलं.

नगरच्या घरी माझा पाटा-वरवंटा राहिला होता. दोन महिन्यांनी तो आणायला गेले. पुढचं दार उघडं होतं. स्वयंपाकघर मी ठेवलं होतं तसंच, लख्ख. चुलीत राखेचा कण नव्हता. मागून खोकल्याचा आवाज आला.

परसात गेले. कडुलिंबाखाली माझ्याच तीन दगडांवर तवा होता, आणि सुमन धुरात डोळे पुसत भाकऱ्या भाजत होती.

"अगं, बाहेर का?"

"काय करू मावशी? एवढं पांढरं घर! चूल पेटवायला घेते नि हात मागं येतो. सासूबाई येऊन बघून जाऊ देत, मग पेटवीन म्हणते."

"कधी येणार सासूबाई?"

"ते काय सांगता येतंय? कधीही येतील." तिने भाकरी उलटली आणि माझ्याकडे बघितलं. "पण खरं सांगा मावशी, तुम्ही तर इतकी वर्षं आत रांधलंत. एवढं पांढरं कसं हो ठेवलंत?"

मी खाली बसले. बाहेर आलेलं लाकूड आत सारलं.

"वारा या अंगाने येतो," मी म्हटलं. "तू इकडून बस."