खुणा न कळणारी लेक

१२ मार्च १९९८. शिजवलेली हळद अंगणात वाळत घालायची होती. वसमतला शाळेसाठी गेलेली माझी बारा वर्षांची लेक दुपारीच परत आली. सोबतच्या मैत्रिणीला कांजिण्या झाल्या होत्या, आणि एकटीला सलग दुसऱ्या दिवशी स्टँडवरून शाळा सापडली नव्हती. अख्खा धडा तोंडपाठ म्हणणारी पोरगी दोन वळणांचा रस्ता चुकते, हे मला कळेना.

"उद्यापासून शाळा बंद," नवरा म्हणाला. "हरवली तं कुठं हुडकू?"

मी लेकीला हातानं दाखवलं, हळद तिकडं पसर. ती माझ्या हाताकडंच बघत राहिली. डोळे वटारले, तरी तशीच.

"काहून उभी गं?"

"आई, तू काही बोललीच न्हाईस."

मग चिडून सांगितलं, "लिंबापासून हौदापर्यंत, एकच थर, मधी पायवाट सोड." तिनं बराबर तसंच केलं. मी चक्रावले. अशा मुलांना शब्द चटकन कळतात; दिशा, खुणा, चेहरे कळत नाहीत, हे एका डॉक्टरबाईंनी फार वर्षांनी सांगितलं. तेव्हा एवढंच कळलं, की हिला बोलून सांगावं लागतं.

"एक दिवस द्या," मी नवऱ्याला म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हळद सासूवर सोपवून मी लेकीसोबत पहिल्या एसटीनं गेले. स्टँडपासून शाळेपर्यंतचा रस्ता, दुकानांसकट, धड्यासारखा मोठ्यानं म्हणत चालले आणि तिच्याकडून म्हणवून घेतला. मग तिला परत स्टँडवर आणलं, एकटीला पुढं धाडलं आणि मी वीस पावलं मागून चालत राहिले. रस्ता तोंडानं म्हणत, दोन्ही वळणं बराबर घेत ती शाळेच्या फाटकात शिरली.