परक्या पोराच्या नावाची आंघोळ

दुष्काळात घरातली शेवटची घागर मी एका गोऱ्या पोराच्या नावानं डोक्यावर ओतून घेतली होती. पोरगं युरोपातलं, आणि चांगलं जिवंत. तेव्हा माझी पन्नाशी उलटलेली, म्हणजे कोवळ्या वयावर ढकलायचीही सोय नाही. बावळटपणा अंगचाच.

ही आंघोळ जिच्यापायी झाली ती माझी थोरली जाऊ, पारूअक्का, गेल्या महिन्यात गेली. ती आजारीच होती, आणि मी लेकीकडं गेवराईला होते. सकाळी सकाळी घरचा नंबर वाजला आणि मी फोन उचललाच नाही... वाजू दिला. उचलत नाही तोवर अक्का आहे, असं आपलं माझं शहाणपण. भित्री मी पहिल्यापासून. अक्का चिमट्यात विंचू धरून वर त्यालाच शिव्या द्यायची. तिला घाबरलेली मी एकदाच पाहिली, त्या आंघोळीच्या वर्षी.

तिचा धाकटा दिलीप फुटबॉल खेळायला फौजेच्या होस्टेलात गेला होता. शिरूर कासारचे पाहुणे हसले होते, आपल्यातली पोरं ऊस तोडायला जातात, खेळायला कोण जातं? दिलीपला फक्त रविवारी फोन करू द्यायचे. एकदा तो म्हणाला, "आई, युरोपातल्या देशांच्या पोरांची स्पर्धा टीव्हीवर लागती. समदी माझ्याच वयाची. बघ, म्हंजी मी इथं काय करतो ते कळंल तुला."

झालं. गावात तो चॅनेल दिसायचा एकाच ठिकाणी, दूध संस्थेत. जनावरं चारा छावणीत गेलेली, दूध आटलेलं, कॅन उपडे पडलेले. सचिव भीमराव संध्याकाळी रिकाम्या ऑफिसात मालिका बघत बसायचा. अक्का गेली आणि एका उपड्या कॅनवर बसली.

"भीमा, पोरांचा खेळ लाव."

"काकू, आत्ता सासू विष कालवायलीय, थांबा की."

"तिचं विष उद्या कालवंल ती. लाव म्हणते तर लाव."

मग रोज संध्याकाळी आम्ही दोघी कॅनवर. कोणता देश कोणता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पांढऱ्या सदऱ्यातल्या एका पोराचे कान दिलीपसारखे बाहेर आलेले. तो पळायला लागला की अक्का पदर दातात धरायची. "ह्यो आपला," म्हणायची.

एके दिवशी तो ‘आपला’ चेंडूसाठी उंच उडाला, दुसऱ्याचं डोकं त्याच्या डोक्यावर आपटलं आणि तो खाली पडला. हात हलेना, पाय हलेना. बाकीची पोरं त्याच्याभोवती पाठ करून उभी राहिली. त्यातलं एक तोंड झाकून रडत होतं... आणि लाइट गेली.

"भीमा, उठला का रं त्यो?"

"लाइटच न्हाई काकू, मला कसं कळंल?"

अक्कानं माझं मनगट धरलं. त्या उकाड्यातही तिचा हात गार होता. घरापर्यंत तिनं मनगट सोडलं नाही.

माझं डोकं मात्र चाललं होतं. पोरं पाठ करून उभी राहिली म्हणजे संपलं. अक्का त्याला आपला म्हणाली, म्हणजे तो मानलेला लेक, म्हणजे माझा पुतण्याच. सुतक नको, पण आंघोळ तरी? मी न्हाणीत गेले आणि लुगड्यासकट घागर ओतून घेतली. टँकर कधी येईल याचा पत्ता नव्हता.

मला निथळताना पाहून अक्का भिंतीला टेकली आणि खाली बसली. "मेला का गं त्यो? तुला कुनी सांगितलं?"

कुणी सांगणार? मी पदर पिळायला लागले. ती पुढं स्वतःशीच बोलत राहिली. "दिलीपला आनते माघारी. ऊस तोडू दे, छावनीत शेन काढू दे, पन डोळ्याम्होरं तरी ऱ्हाईल." मी ओल्या लुगड्यातच मान डोलावली. भित्र्याला दुसरं भित्रं भेटलं की केवढा आधार वाटतो!

दिवस उजाडल्यावर संस्थेत भीमरावानं होस्टेलातल्या सरांना फोन लावला. दिलीपला बोलावून आणेपर्यंत अक्का फोन दोन्ही हातांत धरून उभी. मोठ्या आवाजावर ठेवला होता, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं.

"आई, त्यो उठला की! पट्टी बांधून हात हलवत बाहीर गेला. आमी समद्यांनी बघितलं." आणि मग, "इतक्यासाठी फोन? घरी समदं बरं हाय ना?"

मी अक्काला कोपरानं ढोसलं. आता बोला, ये म्हणून सांगा. तिनं फोन तोंडाजवळ नेला.

"वेळेवर जेवतो का रं?"

"जेवतो."

"बरं. खेळ मग."

बाहेर आलो. संस्थेच्या पायरीवरच ती बसली. मी म्हणाले, "अक्का, बोलवणार होता ना त्याला? भ्या गेलं काय तुमचं?"

ती म्हणाली, "जातंय कुठं? लई हाय. पन भ्या माझं हाय बाई. त्येला कशाला धाडू?"